पेढे नेले त्या जुलैत

माझे वडील महाडच्या एमआयडीसीत कामगार होते. कंपनीच्या आरोग्य विम्यात आई, वडील आणि मी अशी तिघांची नावं होती. मूल शिकत असेल तर पंचविशीपर्यंत विम्यात राहायचं. फक्त दर जुलैला कॉलेजचं बोनाफाईड द्यावं लागे. तो कागद वडील दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोलादपूरहून कंपनीत न्यायचे. एकदाही चुकले नाहीत.

मी बीएस्सी झाले. घरातली पहिली पदवीधर. त्या जुलैत वडिलांनी कागदाऐवजी पेढे नेले.

"मुलीचं शिक्षण संपलं मग?" ऑफिसातल्या साहेबांनी विचारलं.

"संपलं साहेब! ग्रॅज्युएट झाली!"

साहेबांनी फॉर्म पुढे केला, वडिलांनी सही केली. माझा एमएस्सीचा प्रवेश व्हायचा होता, पण पदवीच्या पुढेही शिक्षण असतं हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. घरी येऊन त्यांनी फक्त सगळ्यांनी पेढे कसे खाल्ले तेवढं सांगितलं.

सप्टेंबरात, एमएस्सीचं प्रॅक्टिकल चालू असताना माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. मैत्रिणींनी जवळच्या खासगी रुग्णालयात नेलं. अपेंडिक्स होतं, ऑपरेशन आजच करायला हवं होतं. वडील कामाच्या कपड्यांतच धावत आले.

"घाबरू नको गो. कार्ड हाय आपलं."

काउंटरवरच्या मुलीने संगणकात पाहिलं. "काका, तुमचं आणि काकूंचं नाव आहे. हिचं नाही."

वडिलांनी तिथूनच साहेबांना फोन लावला. वडिलांना कमी ऐकू यायचं, म्हणून स्पीकर चालू होता.

"पेढे तुम्हीच आणलेत ना? मी दोन खाल्ले," साहेब हसत म्हणाले. "आता नाव पुढच्या जुलैत. तोवर पोरीला सांगा, आजारी पडू नकोस."

मी व्हीलचेअरवर वाकून बसले होते. सगळ्यांसमोर म्हणाले, "अडाण्यासारखे पेढे वाटायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"चुकलंच माझं," वडील म्हणाले.

अनामत भरणं आम्हाला शक्य नव्हतं. पुढच्या तालुक्यातल्या सरकारी रुग्णालयात पोचेपर्यंत अपेंडिक्स फुटलं. तिथल्या डॉक्टरांनी मला वाचवलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण महिनाभर अंथरुणात गेला आणि एमएस्सीचं ते वर्ष बुडालं. वडील रोज माझ्या उशाशी बसत. माझं ते वाक्य मी मागे घेतलं नाही. घ्यायचं राहून गेलं.

पुढच्या जुलैत बोनाफाईड गेलं, नाव परत लागलं. यथावकाश मी एमएस्सी झाले. या वेळी पेढे मीच आणले आणि पहिला वडिलांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो तोंडात घातला नाही. हातातच धरून बसले.

"कंपनीत सांगू नको हां कुणाला," ते म्हणाले. मग हळूच विचारलं, "आता तुझं नाव कुठनं कमी व्हायचं नाय ना?"

शिक्षण खरोखरच संपलं होतं. नाव कमी होणारच होतं.

"नाही होणार," मी म्हणाले. तेव्हा त्यांनी पेढा खाल्ला.