जो ज्या घरचा

टाचणीची पहिली भेट झाली की माणूस हमखास दचकायचा, कारण नमस्कार-चमत्कार होण्याआधीच ती त्याच्या सदऱ्याची कड उलटी करून पाहायची. बाई असली तर पोलक्याची बाही. "पुढची बाजू लोकायसाठी असते," ती म्हणायची, "मागची पायली की कोणी शिवलं, घाईत शिवलं का रागात शिवलं, सगळं समजते." एका लग्नात तिनं नवरदेवाच्या मामाचा कोट भर मांडवात उलटा केला आणि अस्तर दोन जागी सुटलंय हे त्याला मोठ्यानं सांगितलं. मामा जेवणं होईपर्यंत कोट मांडीवर घेऊन बसला. माझ्या दिवाळीच्या पोलक्याबद्दल तिनं "हे तुळशीच्या लग्नापर्यंत नाही टिकत" असं भाकीत केलं होतं. ते त्याआधीच काखेत फाटलं.

अंगानं काडी आणि गळ्याशी कायम चार-दोन टाचण्या टोचलेल्या, म्हणून टाचणी. खरं नाव फक्त कॉलेजच्या हजेरीत होतं. उत्तर नागपुरात आमची घरं एकाच गल्लीत, दोघींचे बाप एकाच गिरणीत. छप्पन साली आमच्या घरांनी दीक्षा घेतली तेव्हा आम्ही दोघी कडेवर होतो. तिच्या बाबांनी त्याच आठवड्यात घरातले जुने देव नदीला दिले आणि देव्हाऱ्याच्या कोनाड्यात पुस्तकं लावली. पुस्तकं वाचून पोरगी शिकली, कॉलेजात गेली आणि तिथं जाऊन शंभर वर्षं मागं पळाली, असं ते म्हणायचे.

झालं असं की आमच्या कॉलेजात इतिहासाचे एक सर होते. सर गोड माणूस. हे मुद्दाम सांगते, कारण कडू माणसाचा राग येतो आणि जातो. त्यांनी विद्यार्थ्यांचं एक मंडळ काढलं होतं. दर हिवाळ्यात सिव्हिल लाइन्समधल्या एका ओळखीच्या बंगल्यात हे मंडळ दिवसभर एकोणिसाव्या शतकात राहायचं. घड्याळ नाही, चष्मा नाही, टेरिलिन नाही, बटण नाही. मधल्या दिवाणखान्यात बैठक घालायचे, तिला सदर म्हणायचे आणि त्या दिवसाला दरबार. अंगावरचे कपडे त्या काळच्या तऱ्हेचे आणि हातानं शिवलेले हवेत. मशीनचा एक टाका दिसला तरी सर हसून फाटकाकडे बोट दाखवायचे.

हा नियम ऐकला आणि टाचणीला जणू माहेर सापडलं. इतवारीत जुन्या कपड्यांचे ढीग घेऊन बसणाऱ्या बायांकडे ती दर आठवड्याला जायची, विरलेला अंगरखा नाहीतर बंडी घेऊन यायची आणि शिवण उसवत बसायची. दोऱ्याला मेण लावायचं, काखेत चौकोनी तुकडा घातला की हात वर केला तरी कापड ओढत नाही, बटणाऐवजी कापडाच्याच घुंड्या कशा वळायच्या, हे तिला कोणी शिकवलं नाही. ती उसवून उसवून शिकली. दुसऱ्या वर्षापर्यंत मंडळातल्या निम्म्या लोकांचे अंगरखे तिच्या हातचे होते. सरांचा तर होताच. पांढरा, कळीदार, डावीकडे बंद. तो शिवताना तिची बोटं अंगुस्तान असूनही सोलवटली होती.

मला एकोणिसावं शतक कधीच आवडलं नाही. त्यात आमच्यासाठी काय मांडून ठेवलं होतं ते आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मी गणिताची विद्यार्थिनी, तोंडानं फटकळ. तिला म्हटलं, "काहून वं, तुले हेच शतक भेटलं?" ती सुई न थांबवता म्हणाली, "मले शतक नाही आवडत. त्याची शिवण आवडते." तिच्या बाबांनाही ती हेच सांगायची. ते खाटेवर बसून तिचं काम पाहायचे आणि म्हणायचे, "ज्या घरातून आपण निघालो, त्याच्या खिडकीतून कायले डोकावतं, बाई?" पण दिव्याची काच पुसून तिच्याजवळ सरकवायचेही तेच.

ती मंडळात तीन वर्षं होती, पण दरबारात एकदाही बसली नव्हती. पहिली दोन वर्षं ती आतल्या खोलीत कोणाचा बंद बांध, कोणाची कड दुमड, यातच असायची. त्याचं तिला वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. तिसऱ्या वर्षी मात्र तिनं ठरवलं, की या वेळी आपणही स्वतःसाठी शिवायचं आणि सगळ्यांबरोबर सदरेवर बसायचं. तिच्या डोळ्यांत ते इतकं दिसायचं, की मी माझी सगळी टोमणेबाजी आवरती घेतली.

त्याच वर्षी सरांनी नवा नियम काढला. जो ज्या घरचा, त्यानं त्याच घरचं व्हायचं. उगाच कोणी राजा नाही, कोणी राणी नाही. आपल्या पणजोबा-पणजीचा शोध घ्यायचा आणि तसंच त्या दिवशी जगायचं. नियम चांगला होता. अजूनही कागदावर मला तो चांगलाच वाटतो.

टाचणी खाप्याला गेली. तिथं तिची आजी, आईची आई, कन्हानच्या काठच्या जुन्या वस्तीत एकटी राहायची. टाचणीनं विचारलं, "आजी, तुही आई काय घालत होती वं?" आजी म्हणाली, "भेटन ते." पण नात उठेना म्हणून म्हातारी बोलायला लागली. घराघरात माग होते. जाडंभरडं कापड निघायचं, बाजारात जायचं, दुसऱ्यांच्या अंगावर जायचं. आपल्या अंगावर उरलंसुरलं. मागावरचे शेवटचे तुकडे जोडून जोडून बाया चोळ्या शिवायच्या. आजीनं बोटानं मांडीवर आखून दाखवलं, कोणता तुकडा कुठं यायचा ते.

ती परत आली ती उजळून आली होती. हा शब्द मी जपून वापरते, पण दुसरा सापडत नाही. घरात कधी कोणी अभिमानानं बोललं नव्हतं अशी एक गोष्ट तिला सापडली होती, की आपली माणसं विणणारी होती. दोन महिने ती त्या तुकड्यांच्या चोळीवर बसली. अंगरख्यापेक्षा ते काम अवघड, कारण प्रत्येक तुकड्याचा धागा वेगळ्या दिशेला ओढतो. शिवून झाल्यावर तिनं ती बाबांसमोर धरली. त्यांनी तुकड्यांच्या जोडांवरून बोट फिरवलं. म्हणाले, "माह्या मायच्या अंगावर अशीच होती." मग उठून बाहेर गेले.

दरबाराच्या दिवशी मी बंगल्याच्या आवारात, दिवाणखान्याच्या उघड्या दारांसमोर, प्रेक्षकांत होते. आधी एकेक जण उठून आपलं घर सांगू लागला आणि त्या दिवशी मला कळलं, की शंभर वर्षांपूर्वी नागपुरात गरीब माणूस राहतच नव्हता. कोणाचे पणजोबा कारभारी, कोणाचे सरदार, ज्याला काहीच सुचलं नाही त्याचे राजाच्या हत्तीखान्यावर. आमच्या वर्षातल्या एका मुलाच्या बापाची काटोलच्या बाजारात संत्र्याची अडत होती; तो पठ्ठ्या आठवड्यात जहागीरदार झाला होता. अंगरखा टाचणीनंच शिवलेला. सर प्रत्येकाला "वा, वा" म्हणत होते. कोणालाच कुठलाही पुरावा कोणी मागितला नाही.

मग टाचणी आली. जाडं लुगडं, ती चोळी, खांद्यावर खाप्याहून आणलेला जाड्या कापडाचा तागा. पाठ करून आलेलं वाक्य तिनं न अडखळता म्हटलं, "मी खाप्याच्या विणकरांच्या घरची. तुमच्या वाड्यातल्या माणसांच्या अंगावरचं जाडं कापड आमच्या मागावर निघायचं." सर खरोखर खूश झाले. म्हणाले, "उत्तम. हा खरा शोध. पण विणकर कोणते, बाळ? कोष्टी?"

तिनं नाही म्हणून मान हलवली आणि छप्पन साली आम्ही मागं टाकलेलं ते नाव सांगितलं. खोटं सांगता येतं हे तिच्या डोक्यात आलंच नसावं.

सरांचा आवाज आणखी मऊ झाला. "मग सदरेवर नाही हो येता यायचं. त्या काळी तशी पद्धत नव्हती. मागच्या अंगणात तुझी जागा. इतिहासाशी प्रामाणिक राहायचं ना आपण?" सदरेवर बसलेल्या पंधरा-वीस अंगरख्यांपैकी एकही हलला नाही. टाचणीनं तागा उचलला आणि ती अंगणात जाऊन बसली. मला वाटतं, तोवर तिचा नियमावर विश्वास होता.

जेवणाच्या पंगती मागच्या ओसरीवर बसल्या. तिचं पान अंगणात, एकटं. वाढायला तोच काटोलचा जहागीरदार. तो पाण्याचा तांब्या घेऊन तिच्याजवळ आला आणि तांब्या उंच धरला. "ओंजळ कर," तो म्हणाला. हसतच म्हणाला; त्याला ती गंमतच वाटत होती. टाचणीनं ओंजळ केली नाही. पाण्याची धार मातीत पडत राहिली. मग ती उभी राहिली आणि ओसरीकडे पाहून म्हणाली, "सर, हे शंभर वर्षांमागचंच चाललं आहे ना?"

"अर्थात, बाळ."

"मग मले आजचं पाणी द्या."

सर म्हणाले, "असा मध्येच काळ मोडायचा नसतो. नियम सगळ्यांना सारखा." आणि त्यांनी वाढप्याला मठ्ठा पुढे आणायची खूण केली. लोक जेवू लागले.

मी प्रेक्षकांतून अंगणात शिरले, त्या मुलाच्या हातातला तांब्या हिसकावला आणि तिच्यापुढे धरला. तिनं तो घेतला नाही. "घरी चाल," एवढंच म्हणाली. सीताबर्डीतून, भर दुपारी, ती त्या लुगड्यात आणि त्या चोळीत चालत होती आणि दुकानांतून माणसं बाहेर येऊन पाहत होती. तागा अंगणातच राहिला.

तिच्या बाबांना सगळं मीच सांगितलं. "मी म्हणलो होतो" हे ते म्हणणार म्हणून मी भांडायच्या तयारीत होते. माठातून पेला भरून त्यांनी तिच्या हातात दिला आणि तिचं पिऊन होईपर्यंत तिथंच उभे राहिले.

चोळी तिनं त्याच आठवड्यात उसवली. तुकडे घरात पुसायला गेले. त्यानंतर तिच्या गळ्याशी टाचणी दिसली नाही आणि तिनं कोणाची कड उलटी करून पाहिली नाही. गल्लीत मात्र तिला टाचणीच म्हणत राहिले. कॉलेजातले कितीतरी जण मला भेटून समजावत, की एवढं काय मनाला लावून घ्यायचं, खेळ होता. मी त्यांना विचारायची, तू खेळात कोण होतास? सरदारच निघायचा. मला त्या सगळ्यांचा राग आला, अजून येतो, आणि वयानं तो निवेल असं जे म्हणतात त्यांचाही येतो.

ती बी.एड. करून खाप्यालाच शाळेत लागली. भूगोल शिकवायची. लग्न तिकडेच झालं. आमचं जाणंयेणं कमी होत गेलं. मी आमच्याच कॉलेजात गणित शिकवू लागले आणि सर माझे सहकारी झाले, हा नशिबाचा आणखी एक खोडसाळपणा. ऐंशी सालाच्या पुढं कधीतरी मंडळाचा मोठा दरबार ठरला, तेव्हा सर तोच पांढरा अंगरखा घालून स्टाफरूममध्ये आले. म्हणाले, "तुमची ती मैत्रीण. काय हात होता हो तिचा! तिला सांगा, नवे कपडे शिवून हवेत. आणि या वर्षी आपण तिला सदरेवर बसवू." काही देत असल्यासारखं त्यांनी ते म्हटलं. मी त्यांना काय उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पण रविवारी मी खाप्याची एस.टी. पकडली. निरोप द्यायला नाही, तिला पाहायला. ती जाडी झाली होती, चष्मा लागला होता. मुलांच्या वह्या तपासत बसली होती. तिच्या मुलीच्या गणवेशाची कड लोंबत होती, तिला दोन पिना लावलेल्या होत्या. चहा झाला. सर काय म्हणाले ते मी शेवटी सांगितलंच, कारण माझ्या पोटात काही राहत नाही. मला वाटलं ती चिडेल. चिडावं अशी माझी फार इच्छा होती.

ती वहीवरची लाल रेघ पूर्ण करून म्हणाली, "अजून घालून राहिले ते? माह्या हातचा?"

"हो. सगळेच घालतात."

"टाके राह्यले?"

खोटं बोलावं असं वाटलं, पण मी नीट पाहिलेलं होतं. म्हटलं, "एकही नाही सुटला."

तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सुटले असते तं बरं झालं असतं वं," ती म्हणाली.