चहाच्या सुट्टीतली सुई

गेल्या वर्षी पोळ्यानंतरच्या सोमवारी नागपुरातील एका सरकारी रुग्णालयाच्या डायलिसिस विभागातील प्रशिक्षित सिस्टरची नेत्र विभागात बदली झाली. त्याच सकाळी नेत्र विभागातील एक सिस्टर डायलिसिस विभागात रुजू झाली. दोन्ही विभागांतील कर्मचाऱ्यांची संख्या कायम राहिली.

मी तिथे होतो, कारण माझ्या मोठ्या भावाचे डायलिसिस सोमवारी आणि गुरुवारी असते. त्याचे काटोलला शिलाईचे दुकान आहे. रक्तदाबाने दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. तो सकाळच्या एसटीने येतो, मी त्याला स्टँडवरून घेतो आणि तिथून रात्रपाळीची झोप डोळ्यांत घेऊन त्याच्यासोबत रुग्णालयात जातो. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर आहे.

डायलिसिसची सुई टोचण्यासाठी हातातल्या रक्तवाहिन्या शस्त्रक्रियेने जोडून एक वाहिनी जाड करतात. तिला फिस्टुला म्हणतात. भावाच्या उजव्या हातावरचा फिस्टुला एका चुकलेल्या सुईने बंद पडला. डाव्या हातावरचा खोल आहे आणि कोपराखाली वळतो. हाही गेला तर मानेत नळी टाकावी लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले होते. शिलाई मान वाकवूनच होते.

टेक्निशियनचे पद रिक्त होते. त्यामुळे सुया ती प्रशिक्षित सिस्टरच टोचत असे. सरकारने तिला त्यासाठी बाहेरगावी पाठवून शिकवून आणले होते. भावाची वाहिनी तिला सापडत असे. नंतर बदलीचा नियम आला. कोणी एकाच विभागात मुरू नये, कोणावर सोपे काम धरून बसल्याचा आरोप येऊ नये, म्हणून सगळ्या सिस्टर सगळ्या विभागांतून फिरतात. नियमात पक्षपात नव्हता.

भावाने मेट्रनला गाठले. "मॅडम, त्यायले काहून हलवलं?"

"रोटेशन आहे. सगळ्यांना सगळं यायला हवं."

"मंग मलेही थोडे दिवस डोळ्याच्या वॉर्डात टाका. किडनीले तेवढीच विश्रांती."

मेट्रन हसल्या. ऑर्डर बदलली नाही.

नव्या सिस्टरने लपवले काही नाही. "भाऊ, मी आजवर डोळ्यात थेंब टाकले. ही सुई एवढी जाड असते, हेच मला आत्ता कळलं." तिने टोचली. सुई वाहिनीच्या पलीकडून बाहेर गेली. हात सुजला, निळा पडला. त्या दिवशी डायलिसिस झाले नाही. भाऊ हाताला बर्फ बांधून, अंगात पाणी साठू नये म्हणून घोटभरही न पिता, काटोलच्या बसमध्ये बसला. काटोलच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी हात तपासला. वाहिनीतली थरथर शाबूत होती, म्हणजे फिस्टुला चालू होता.

गुरुवारी तो डायलिसिस विभागात गेलाच नाही. थेट नेत्र विभागात जाऊन मोतीबिंदूच्या रांगेत बसला. अटेंडंटने विचारले, "कोणता डोळा, काका?"

"डोळे बरोबर आहेत गा. हात दाखवाचा आहे."

"हाताची ओपीडी तिकडं आहे."

"हात तिकडं आहे, पण हाताचं मानूस इकडं आहे ना."

बोलणे ऐकून जुनी सिस्टर बाहेर आली. तिने सुजलेला हात उलटून पाहिला. मग म्हणाली, "भाऊ, माझी ऑर्डर इथली आहे. तिथं मला हात लावता येत नाही. मेट्रन बोलतील."

"बरोबर आहे तुमचं," भाऊ म्हणाला आणि उठला नाही.

"चहाला सुटते तेव्हा येते," ती म्हणाली.

चहाची सुट्टी कोणत्याच विभागाची नसते. त्या वेळी सिस्टर कुठे आहे, हे कोणी विचारत नाही. तेव्हापासून भावाचे मशीन चहाच्या वेळी सुरू होऊ लागले. मी सिस्टरसाठी कॅन्टीनमधून चहा आणून मशीनशेजारी ठेवत असे. तो निवत असे. ती परतली की नेत्र विभागातला अटेंडंट टोमणा मारी, "सिस्टर, तिकडचा चहा लै कडक दिसते!"

नवी सिस्टर आधी फक्त ट्रे धरून उभी राहिली. मग जुनीने तिचे बोट भावाच्या हातावर ठेवले आणि वाहिनी कुठे वळते ते दाखवले. मग बाकीच्या रुग्णांच्या सोप्या हातांवर सुई तिच्याकडे दिली.

त्याच सुमारास डेस्कवर आरोग्य खात्याचे पत्रक आले. किडनीच्या रुग्णांसाठी सरकारी रुग्णालयांतील प्रशिक्षित मनुष्यबळ वाढले, असे त्यात होते. आमच्या रुग्णालयाबाबत मी तपासले. एक होती, आता दुसरी तयार होत होती. बातमी आतल्या पानावर लागली.

दिवाळीनंतर एका गुरुवारी जुनी सिस्टर दाराशीच थांबली. नव्या सिस्टरने हात धुतले, भावाकडे पाहिले.

"टोच वं बाई," भाऊ म्हणाला. "मी तिकडं पाहून राहिलो."

सुई लागली. नळीत रक्त चढले, मशीन फिरू लागले. जुनीने त्या दिवशी चहा गरम प्यायला.

उन्हाळ्यात नव्या सिस्टरची प्रसूती विभागात बदली झाली. हाडांच्या विभागातून तिसरी आली. मेट्रन राउंडला आल्या तेव्हा त्यांनीच विषय काढला.

"बघा भाऊ, रोटेशनचा फायदा. आता दोघींना येतं, तिसरी शिकेल."

"हो मॅडम. फक्त इथंच कोनाले येत नाही."

"येईल, येईल," मेट्रन म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

आता चहाच्या सुट्टीत कधी नेत्र विभागातून एक येते, कधी प्रसूती विभागातून दुसरी. तिसरी ट्रे धरते. गेल्या सोमवारी दुसरी आली होती. सुई पहिल्याच वेळी लागली. भाऊ संध्याकाळच्या एसटीने काटोलला गेला. फिस्टुला चालू आहे.