हातभर मागे

संस्थेच्या अध्यक्षांच्या खोलीत गेले की आमचे विज्ञानाचे सर आधी खुर्ची हातभर मागे ओढायचे आणि मगच बसायचे. कुणी हसलं की म्हणायचे, "लई जवळ बरं न्हाई. ताण पडतो." तुमच्याही पाहण्यात असा एखादा विक्षिप्त माणूस असेल. आमच्या वाट्याला हा आला होता.

बदनापूरजवळची आमची शाळा, नव्वदीची अखेर. अनुदान नव्हतं. आज ना उद्या पगार सुरू होईल या आशेवर आम्ही सहा शिक्षक सात वर्षं फुकट राबत होतो. अशात सरांनी एका मासिकात वाचलं, की दूरच्या एका ताऱ्याभोवती गुरूसारखा अवाढव्य ग्रह सापडलाय आणि तो इतका जवळून फिरतो की चार दिवसांत त्याचं वर्ष संपतं. झालं! मग सरांना दुसरा विषयच उरला नाही.

"मोठ्याच्या जवळ राह्यलं तर ऊबच मिळती की," मी चिडवायचो.

"ऊब मिळती, पण आकार ऱ्हात न्हाई. ताऱ्याकडच्या अंगाला ओढ जास्त, पलीकडच्या अंगाला कमी. ताणून ताणून अंड्यावानी होतो बिचारा. तोंड कायम ताऱ्याकडं. अन् त्याच्या ओढीनं ताऱ्यालाबी फुगवटा येतो. तो फुगवटा मागं पडतो, ग्रहाला मागं खेचतो. घेरा लहान लहान होत जातो. शेवटी तारा गिळतो त्याला."

"कधी?"

"लई वर्षांनी. पण तिथून सुटका न्हाई."

मग अनुदानासाठीच्या तपासणीची तारीख आली. पटावर नावं होती, तितकी मुलं नव्हती. अध्यक्षांनी शेजारच्या गावची पोरं टेम्पोत घालून आणली आणि प्रत्येकाला पटावरचं एकेक नाव पाठ करून दिलं. असं करण्याची तेव्हा रीतच पडली होती, आम्हालाही त्यात काही वावगं वाटेनासं झालं होतं. माझ्या वर्गात अशी चौदा पोरं होती. मी हजेरी घेतली, सगळी 'हजर' म्हणाली. तपासणीला आलेल्या साहेबांनी मान डोलावली.

साहेब सरांच्या वर्गात गेले. मी आणि अध्यक्ष दारात उभे राहिलो.

"काहीतरी शिकवून दाखवा," साहेब म्हणाले.

सरांनी तीन पोरांना एकमेकांचे हात धरायला लावून एका ओळीत उभं केलं. पुढच्यानं पळायचं, मधलीनं चालायचं, मागच्यानं अगदी सावकाश यायचं. मधली पोरगी टेम्पोतून आलेली होती. दोन पावलांत ती ओरडली, "सर, हात तुटायलेत माझे!"

"मंग सोड, बेटा. सोडून दे," सर म्हणाले. आणि स्वतःच तिचे दोन्ही हात सोडवले.

"आता हजेरी घ्या."

सरांनी पट उघडला. एकदा अध्यक्षांकडे पाहिलं. मी मनातल्या मनात हात जोडले. घरी माझी दोन लेकरं होती. त्या पोरीला दिलेलं नाव आलं. ती अर्धवट उठली.

"बस बेटा, तुला न्हाई बोलायचं," सर म्हणाले. "गैरहजर."

टेम्पोतल्या पोरांना दिलेली पुढची अकरा नावंही त्यांनी तशीच 'गैरहजर' म्हणून वाचली. साहेबांनी पट मिटला आणि काखेत घेतला.

त्या वर्षीचं अनुदान हुकलं. मी सरांना तोंडावर म्हटलं, "तुमच्या त्या ग्रहापायी आमच्या लेकरांचा घास गेला."

"बराबर हाय," ते म्हणाले. "ग्रहाचं काय न्हाई त्यात. माझ्याच्यानं झालं न्हाई."

त्याच महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. सकाळच्या पॅसेंजरनं गेले म्हणे. स्टेशनवर कुणी गेलं नाही. मीही गेलो नाही, याची मला अजून लाज वाटते.

दोन वर्षांनी पुन्हा तपासणी झाली, पुन्हा टेम्पो आला, अनुदान मिळालं. मी मुख्याध्यापक झालो. अध्यक्षांच्या खोलीत त्यांच्या अगदी शेजारची खुर्ची आता माझी आहे. बसण्याआधी दर वेळी माझा हात तिच्या पाठीवर जातो. ती मागे ओढणं अजून एकदाही जमलेलं नाही.