मूर्तीतलं निकेल

त्रिशला उपाध्येचा बाप भुजबली हा निपाणीकडच्या एका खेड्यातल्या जैन बस्तीचा, म्हणजे देवळाचा, पुजारी. उभा जन्म गेला मूर्तीला पंचामृताचा अभिषेक घालण्यात. पण उत्सवाच्या तोंडावर या भल्या माणसाला काय बुद्धी सुचली कुणास ठाऊक! पिढ्यान्‌पिढ्यांचं काळं कीट त्यानं चिंचेनं घासून काढलं, आणि मूर्ती अशी लखलखली की गाव म्हणालं, ही आपली नव्हेच. अस्सल विकली आणि नवी आणून बसवली. झालं, पेटलं!

मूर्तीच्या धातूची तपासणी पूर्वी एकदा झाली होती. तांबं आणि जस्त निघालं होतं, निकेलचा मागमूस नव्हता. आता बैठकीखालचा चिमूटभर कीस पुन्हा तपासायचा आणि निकेल निघालं तर मूर्ती बदलली, नाही तर तीच, असं ठरलं. तपासणार कोण? भुजबली म्हणाला, "माझ्या लेकीनं बघावं." त्रिशला बेळगावात कॉलेजवर भौतिकशास्त्र शिकवायची, क्ष-किरणांवरच तिचं संशोधन. बस्तीचे अध्यक्ष जिनेंद्रअण्णा म्हणाले, "बघू दे की. पण मी शेजारी बसणार."

आणि बसलेच. कीस लांबच्या किरणकेंद्रात गेला होता. तिथं सौरव यंत्र चालवत होता आणि आलेख इथं त्रिशलाच्या संगणकावर उमटत होता, प्रत्येक धातूचा उंचवटा आपापल्या ठरलेल्या जागी. तांबं एकदा पेटलं, म्हणजे स्वतःच किरण फेकू लागलं, की त्याच्या उजेडात बाकीचं काही दिसत नाही, म्हणून किरणांची ऊर्जा तांबं पेटतं त्या मर्यादेच्या, म्हणजे कडेच्या, जरा खाली ठेवली होती. तांब्यानं गप्प बसावं, एवढंच.

आणि नेमका निकेलच्या जागी उंचवटा आला.

त्रिशलाला बाप आठवला. आप्पा महिनाभर कुणाशी धड बोलत नव्हते, जेवण टाकून उठत होते. ते अपमानानं, असं ती समजत होती. की दुसरंच काही होतं? ज्या माणसानं कधी बस्तीतलं फूलसुद्धा घरी आणलं नाही, त्याच्याविषयी तिच्या मनात हे आलं.

सौरवनं उंचवट्यावर खूण केली होती. अण्णा पुढं वाकले. "निकेल न्हवं हे?"

"असंल. न्हाय तर तांब्याचंच काम असंल." तिनं खुणेवर बोट ठेवलं. "कडेखाली तांबं पुरतं गप्प बसत न्हाय, अण्णा. किरणातला ठरलेला घोटभर घेतं आणि उरलेलं बाहेर टाकतं. आपण ऊर्जा कमी केली की उरलेलं बी कमी. मग उंचवटा सरकतो. निकेल असंल तर जागचं हलायचं न्हाय."

"म्हंजे मनासारखं येईस्तोवर फिरवत बसणार व्हय? बापासाठी?"

चपराक बसली. राग आला, पण अण्णा वाकडं तरी काय बोलत होते?

"एकदाच फिरवायचं," ती म्हणाली. "हलला न्हाय तर मूर्ती आप्पांनी बदलली असं मीच लिहून सही करते."

बोलून गेली खरी. दाराबाहेर बाकावर बाप बसला होता, मांडीवर डबा घेऊन. पण आता माघार नव्हती.

"सौरव, ऊर्जा थोडी खाली घे," तिनं फोनवर सांगितलं.

नव्या आलेखावर आधी नुसते विखुरलेले ठिपके. काही म्हणता काही कळेना. अण्णा घसा खाकरत होते, ते सुद्धा तिला सोसवेना. हळूहळू ठिपक्यांना आकार आला. उंचवटा डावीकडं सरकला होता. निकेलची जागा साफ मोकळी होती.

अण्णा पुन्हा पुन्हा दोन्ही आलेख बघत राहिले. मग टोपी काढून डोकं पुसत म्हणाले, "आपलीच की गं! पण चिंचेनं घासायला कुणी सांगितलं हुतं त्याला?"

त्रिशला धावतच बाहेर आली. "आप्पा, निकेल न्हाय! मूर्ती तीच हाय!"

भुजबली हसला नाही. लेकीच्या रडवेल्या तोंडाकडं त्यानं नीट बघितलं.

"मला ठावंच हुतं गं," तो म्हणाला. "तुला आत्ता कळलं व्हय?"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऊन उतरत आलं होतं. भुजबलीनं डब्याचं झाकण काढलं आणि बाकावर तिच्यासाठी जागा केली.

"बस. दिवस बुडायच्या आत दोन घास खाऊन घे. तू बी सकाळधरनं उपाशीच हाईस."