तापीअंगाची तबकडी

लोटनभाऊंना गाण्यातलं काही कळत नाही, असं जळगावातले जाणकार म्हणत. जळगावात जाणकारांचा तोटा कधीच नव्हता. भजनात दोनदा टाळ वाजवलेला माणूसही स्वतःला त्यांत मोजून घेई. मी लोटनभाऊंच्या शेजारी एकोणीस वर्षं काढली आहेत, म्हणून सांगतो: त्यांना एकाच बाईचं गाणं कळत होतं आणि तेवढ्यावर त्यांचं समाधान होतं.

ती बाई म्हणजे रेशमाबाई बऱ्हाणपूरकर. आधी ठुमऱ्या, मग नाटकातली पदं, पुढे बोलपटातली गाणी, असं सगळं तिनं गाऊन ठेवलं होतं. लोटनभाऊंनी तिला कधी पाहिलं नव्हतं. ते मूळचे धुळ्याकडचे. जळगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनाला तेलपाणी करायचे. कुठलं चाक तिरपं फिरतंय, हे ते फाटकातूनच कान देऊन सांगत. तिथला पारशी इंजिनेर मुंबईला परत गेला, तेव्हा आपला चावीचा फोनो आणि रेशमाबाईची एक तबकडी त्यांना देऊन गेला. पारशीबाबा सुटला, लोटनभाऊ अडकले.

पुढच्या पाच वर्षांत अकरा तबकड्या जमल्या. पहूरला एका पाहुण्याच्या घरी माठावर झाकण म्हणून ठेवलेली तबकडी त्यांनी पाणी पितापिता ओळखली, आणि दुसऱ्याच दिवशी पितळी झाकण नेऊन बदलून आणली. बँडवाल्या चांदमियाँकडे एक होती, तो काही केल्या देईना. त्याच्या मुलीच्या लग्नात लोटनभाऊ तीन दिवस आचाऱ्याच्या हाताखाली राबले. चौथ्या दिवशी चांदमियाँनं स्वतःच ती घरी आणून दिली.

ऐकायला बसायचं तर नियम होते. खोकला असेल त्यानं बाहेर ओट्यावर बसायचं. दाद द्यायची ती तबकडी थांबल्यावर. मला एकदा भर गाण्यात शिंक आली, तर लोटनभाऊ आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी शाळामास्तर असूनही हे सोसलं, कारण आमच्या गल्लीत दुसरा फोनो नव्हता.

छत्तीस सालच्या वैशाखात त्यांच्या चुलतभावानं मुंबईहून बारावी तबकडी आणली. ही फार दुर्मिळ. रेशमाबाईचं कंपनीशी भांडण झालं आणि थोड्याच प्रती बाहेर पडल्या, असं म्हणत. खरंखोटं ती बाई जाणे. चुलतभाऊ सकाळीच तबकडी घरी ठेवून गेला. लोटनभाऊ संध्याकाळी कामावरून आले, हातपाय धुतले, मला हाक मारली आणि फोनोला चावी दिली.

ठुमरी होती. सजण आलेला नव्हता. ठुमरीत तो कधीच येत नाही. पण आवाज असा की वर चढे, खाली बसे, पुन्हा चढे, झोळीतल्या पोराला झोका द्यावा तसा. मी तबकडीकडे पाहिलं. तीही तशीच चढत-बसत होती. कुठेतरी उन्हात राहून ती पापडासारखी वाकली होती. शाळेत मी पदार्थविज्ञान शिकवायचो, मला एवढं ओळखायला दुर्बीण लागत नव्हती. सांगणारच होतो, पण लोटनभाऊंचे डोळे भरलेले दिसले.

इथे गप्प बसलो असतो तरी शहाणा ठरलो असतो. पण जित्याची खोड. मी गंभीर चेहरा करून म्हणालो, की भाऊ, याला तापीअंग म्हणतात. बऱ्हाणपूरच्या जुन्या गवयांची ही चीज, आता कुणी गात नाही. लोटनभाऊंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि तो शब्द दोनदा हळूच म्हणून पाहिला.

महिन्याभरात तापीअंग गावभर झालं. जाणकार येऊन ऐकून गेले आणि आपण हे लहानपणी ऐकलं होतं असं सांगू लागले. असोद्याच्या भजनी मंडळानं तर अभंगच तापीअंगात म्हणायला घेतले. पहिल्या एकादशीला लोकांना वाटलं हिवताप आला, त्यांनी बुवांना काढा पाजला. मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून हसलो.

लढाई सुरू झाली, पोलादी पिना मिळेनाशा झाल्या, तर लोटनभाऊ बाभळीचे काटे तासून लावू लागले. पाहुणा आला की बारावी तबकडी निघे आणि ते म्हणत, "असं गानं बठ्ठा खान्देशमा कोनापाशी नही." ते खरंच होतं.

मग त्रेचाळीस सालच्या उन्हाळ्यात रतिलालशेठांचं पत्र आलं. हे धुळ्याचे कापडवाले. त्यांच्याकडे काचेच्या कपाटात शेकड्यानं तबकड्या होत्या, आणि त्यातली प्रत्येक आपल्याला किती मुश्किलीनं मिळाली हे ते न विचारता सांगत. त्यांनी लिहिलं होतं की तीच ठुमरी मलाही मुंबईहून मिळाली आहे. पण तिच्यात तुमचं ते तापीअंग कुठे दिसत नाही. अक्षय तृतीयेनंतर मी ती घेऊन येतो, दोन्ही एकामागून एक चारचौघांत वाजवू. लोटनभाऊंनी पत्र माझ्याकडून वाचून घेतलं आणि जागच्या जागी होकार लिहायला सांगितला.

सरळ तबकडी वाकड्या तबकडीशेजारी वाजली की शेंबडं पोरही फरक ओळखणार. सात वर्षं ज्या तबकडीवर हा माणूस मान वर करून जगला, तीच त्याला धुळे-जळगावचं हसं करणार, आणि त्या हशाचं बारसं मी केलेलं.

लोटनभाऊ कामावर गेल्यावर मी बेबाबाईंना, त्यांच्या बायकोला, सगळं सांगितलं. मला वाटलं त्या मला दोन शिव्या हासडतील. त्या डाळ निवडत होत्या, सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "मास्तर, ती मीच धाबावर ठेवी व्हती. मुंबईनी चीज, ऊन दखाडा बिगर घरमा कशी लेऊ?"

अठरा सालच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत त्यांचा मामा मुंबईहून कपड्यांचं गाठोडं घेऊन आला होता, आणि चार दिवसांत त्यांचे दोन्ही भाऊ गेले. तेव्हापासून मुंबईचं काहीही आलं, की आधी धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर, नेऊन त्याला ऊन दाखवायचं आणि मगच उंबऱ्याच्या आत घ्यायचं, हा त्यांचा नेम होता. गल्ली त्यांना हसायची. मीही हसायचो, याची मला त्या दिवशी लाज वाटली. तबकडी वाकलेली त्यांनी उतरवतानाच पाहिली होती, आणि सात वर्षं ती गोष्ट पोटात ठेवली होती.

"त्यासले समजनं तं त्या मन्हासंगे बोलतीन का?" त्यांनी विचारलं. नुसत्या शिंकेला आठ दिवसांची शिक्षा मी भोगलेली होती.

ठरल्या दिवशी रतिलालशेठ चाळीसगावला गाडी बदलून, चार धुळेकर जाणकार बरोबर घेऊन, सकाळी अकराच्या सुमाराला हजर झाले. तबकडी पत्र्याच्या डब्यात, कापसात गुंडाळलेली. आल्या आल्या त्यांनी फोनोकडे पाहिलं, पण बेबाबाईंनी आतून निरोप पाठवला की पाहुण्यांनी आधी जेवून घ्यावं. आमरस आणि मांडे. खापरावर मांडा एकेक करूनच होतो, त्याला घाई चालत नाही. शेठांनी डबा खोलीत ठेवला आणि पाटावर बसले.

मी पाणी आणायला मागे गेलो, तर मांडे शेजारची सुंदरबाई करत होती आणि बेबाबाई धाब्याच्या शिडीवर. हातात तो डबा. माझ्याकडे पाहून त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "हाई बी मुंबईनीच शे ना?"

मी तसाच मागे फिरलो आणि पंगतीत येऊन शेठांना आग्रह करायला लागलो. धुळ्याला असा मांडा होत नाही म्हणतात, हे खरं का, असं विचारलं. शेठ चिडून आणखी दोन मांडे खाऊन गेले. नवल म्हणजे लोटनभाऊही वाटीवर वाटी रस वाढत होते, एरवी ते पाहुण्याला पान उचलायची घाई करत. वर ऊन असं की धाब्यावर अनवाणी पाय टेकवत नव्हता. जेवण आटोपलं, शेठ तक्क्याला टेकले आणि घोरू लागले. उठले तेव्हा डबा जागच्या जागी होता.

ओटा माणसांनी भरला. आधी लोटनभाऊंची तबकडी वाजली. नेहमीप्रमाणे आवाज चढला, बसला. धुळेकर एकमेकांना कोपर मारून हसले. मग शेठांनी स्वतःच्या हातानं आपली लावली.

तीही चढली आणि बसली. जरा धसमुसळी, मधेच लंगडत, पण तापीअंग म्हणजे तापीअंगच. धुळेकरांची कोपरं जागच्या जागी राहिली. शेठांचा चेहरा पडला. ते म्हणाले की घरी तर ही अगदी सरळ गात होती. त्यावर लोटनभाऊ नम्रपणे म्हणाले की शेठजी, फोनोचाच दोष असेल. जळगावकर जाणकारांनी माना डोलावल्या. रतिलालशेठ हुशार माणूस. गाडीला निघेपर्यंत त्यांनी मनाशी हिशेब बदलला होता, आणि पंधरा दिवसांत आमच्या कानावर आलं की अस्सल तापीअंग फक्त धुळ्यात ऐकायला मिळतं.

पण हे पुढचं. त्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर आम्ही तिघेच उरलो. लोटनभाऊ तबकडी फडक्यात गुंडाळत होते. मान वर न करता ते बेबाबाईंना म्हणाले, "शेठनी तबकडीनी लहर कच्ची राह्यनी. आजून घंटाभर धाबावर ठेवाले जोयजे व्हती."

बेबाबाईंचा चेहरा पांढरा पडला. माझाही पडला असावा. मी कसंबसं विचारलं, की भाऊ, तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे? "पहिला दिनपाईन," ते म्हणाले. आणि तापीअंग? ते नाव चांगलं आहे, मास्तर, आपल्याला आवडलं, असं म्हणून ते हसले. सात वर्षं मी ज्याला बनवत होतो, तो माणूस सात वर्षं मला बनवू देत होता.

मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं. त्यांनी फडक्याला गाठ मारली आणि बेबाबाईंकडे पाहिलं.

"बोलनू असतू तं हाईनी ऊन दखाडनं बंद करी टाकं असतं," ते म्हणाले. "मंग मुंबईथीन काय बी उनं का हाईले रातभर झोप नही लागती."

बेबाबाई तिथेच खाली बसून रडल्या. लोटनभाऊ त्यांच्या शेजारी जाऊन बसले. मी चपला शोधल्या आणि घरी आलो.