पाणी जात होतं म्हणून थांबले

आमच्या भोंग्याबद्दल कुणा लिहित्या माणसानं लिहायला हवं होतं. तसा कुणी घरात नाही, म्हणून जमेल तसं मीच लिहितो. भोंगा म्हणजे माझी नात. वय पंधरा, अंगकाठी छत्रीच्या काडीसारखी, आणि वाजवते ट्रॉम्बोन. हे एक लांबलचक पितळी वाद्य. त्याची नळी पुढे-मागे सरकवत फुंकायचं असतं. नळी पूर्ण पुढे येण्याआधी समोरच्यानं बाजूला व्हावं, हे आमच्या घरात प्रत्येकाला अनुभवानं कळलं आहे.

दर शनिवारी ती शहरातल्या मुलांच्या वाद्यवृंदात शिकायला जाते. तिथल्या बाई पेन्सिलीनं ताल दाखवतात आणि शब्द संपले की ती पेन्सिल कानावर ठेवतात. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला एक सूर लांबवायला सांगितला आणि ऐकता ऐकता खुर्चीत बसल्या. सूर हिला जन्मजात आहे, बाकीचं मी शिकवीन, असं त्यांनी तिच्या आईला सांगितलं. तिची आई, माझी थोरली, बस चालवते. तिला एवढंच कळलं की आता हे प्रकरण थांबणार नाही.

प्रश्न होता रियाजाचा. घरी वाजवलं की वरचे शेजारी खाली येत आणि खालचे वर. शेवटी भोंग्याला माझ्या धाकट्या मुलीच्या लाँड्रीत जागा मिळाली. मागच्या खोलीत कपडे धुण्याचं जुनं, बैलाएवढं मशीन आहे. ते चालू असलं की ट्रॉम्बोन काय, तोफ उडाली तरी शेजारच्या दंतवैद्याला पत्ता लागत नाही. मी तिथेच कपड्यांना चिठ्ठ्या लावत बसतो. मावशीनं मशीन लावलं की भाची वाजवायला घ्यायची. मशीन थांबलं की तीही थांबायची. भाचीचं आणि मशीनचं छान जमलं.

यंदाच्या वार्षिक मैफलीत ट्रॉम्बोननं एकट्यानं वाजवायचा एक मोठा तुकडा होता. तो आपल्यालाच मिळावा म्हणून भोंगा जेवताना चमच्यातसुद्धा फुंकू लागली. दुसरा उमेदवार होता घड्याळ. त्या मुलाचा ताल कधी चुकत नसे, पण ऐकताना बसस्टॉपवर उभं असल्यासारखं वाटायचं. बाईंना भोंगाच हवी होती. तिचं एक विचित्र होतं मात्र. निम्म्यात आली की ती एकदम थांबायची, गप्प उभी राहायची, आणि मग पिसाळल्यासारखी सुटायची. बाकीची मुलं मागून फरफटत यायची. असं का होतं, ते तिलाही सांगता येईना.

शेवटी एका दुपारी बाई स्वतः लाँड्रीत आल्या आणि स्टुलावर बसल्या. मशीन डुलू लागलं, भोंगा वाजवू लागली. सुरेख चाललं होतं. मग मशीन डुलायचं थांबलं आणि भोंगाही थांबली.

"का थांबलीस?" बाईंनी विचारलं.

"पाणी जातंय," ती म्हणाली, आणि स्वतःच आ वासून मशीनकडे बघत राहिली.

पाणी गेलं. मशीननं कपडे पिळायला घेतले आणि सगळी खोली थरथरू लागली. बाईंनी पेन्सिल कानावर ठेवली. त्या हसत होत्या की रडत होत्या, ते त्या थरथरीत मला ओळखता आलं नाही.

जाताना त्या म्हणाल्या की मला हिचाच सूर हवा आहे, पण पुढच्या शनिवारी तालमीत ही मध्ये थांबली तर तुकडा घड्याळाला द्यावा लागेल. मशीन काही मंचावर आणता येणार नाही.

"आणता येईल," मावशी म्हणाली. "पाण्याची जोडणी कुठून घ्यायची तेवढं सांगा."

आधी मशीन बंद ठेवून वाजवायचं ठरलं. पहिल्याच फुंकरीला दंतवैद्य हातात चिमटा घेऊन दारात हजर. त्याचा पेशंट अर्ध्यातच पळाला होता आणि तो आम्हीच पकडून आणावा असं त्याचं म्हणणं होतं. तो उपाय तिथेच संपला.

मग मावशीला नाजूक कपड्यांचं बटण आठवलं. ते दाबलं की मशीन एकाच चालीनं डुलत राहतं. मध्ये थांबत नाही, पाणी सोडत नाही. शेवटी कुणीतरी उठून पिळायचं बटण दाबावं लागतं, इतकंच. ते काम मावशीनं अंगावर घेतलं. भाचीचा शेवटचा लांब सूर संपला की मावशी असेल तिथून उठायची आणि तर्जनी पुढे करून मशीनकडे निघायची. सकाळ-संध्याकाळ हेच.

त्या आठवड्यात लाँड्रीत सगळंच नाजूकपणे धुतलं गेलं. फुटबॉलवाल्यांचे शर्ट चिखलासकट घडी होऊन परत गेले. खाटकानं आपला एप्रन उजेडात धरला आणि तक्रार केली की डाग होते तिथेच आहेत, वास तेवढा गुलाबाचा येतोय, गिऱ्हाईकं हसतात.

"भाऊ, शनिवारपर्यंत कळ काढा," मावशी म्हणाली. "पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

खाटीक विरघळला. पोरीला काय झालंय हे विचारायचा त्याला धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं सुपासाठी हाडं पाठवली.

शनिवारी मी आणि मावशी तालमीच्या खोलीबाहेर उभे होतो. ती नेमकी जागा जवळ आली तसा मावशीनं माझा दंड आवळला. भोंगा डोळे मिटून, जरा डुलत, पुढे निघून गेली. तुकडा तिला मिळाला. घड्याळानं तिचं अभिनंदन केलं आणि हळूच विचारलं, आमचं मशीन दुसऱ्या कंपनीचं आहे, चालेल का.

मैफलीला सभागृह भरलं होतं. आम्ही पहिल्या रांगेत, खाटीक आमच्या मागे. भोंगा उभी राहिली तशी तिच्या पुढ्यातल्या व्हायोलिनवाल्यांनी सवयीनं माना खाली घातल्या. तिनं कसं वाजवलं ते मला लिहिता येणार नाही. खोकणारी माणसं खोकायची विसरली, एवढं सांगतो. ती जागा आली आणि गेली. शेवटचा सूर लांबला, बारीक झाला, विरला. अजून एकही टाळी पडली नव्हती. आणि मावशी उठली.

तिला पाहून शेजारचे उठले, त्यांना पाहून मागची रांग. खाटीक तर डोळे पुसतच उठला. बघता बघता सगळं सभागृह उभं, टाळ्यांचा कडकडाट. भोंगा लाल झाली. बाई वाकून नमस्कार करायला वळल्या आणि त्यांची नजर मावशीवर पडली. मावशी मंचाकडे निघाली होती, तर्जनी पुढे धरून, बटण शोधत.

बाईंनी पेन्सिल कानावर ठेवली. भोंग्यानंही पाहिलं. तिला हसू फुटलं ते नेमकं ट्रॉम्बोनमध्ये, आणि एक असा आवाज निघाला की पहिल्या रांगेतलं एक मूल आईच्या कडेवर चढलं.

मावशी भानावर आली. मागे येऊन खुर्चीत बसली, हात मांडीखाली दडवला आणि कुजबुजली, "बाबा, हे सगळे कशाला उठलेत?"

मी म्हटलं, "कपडे झाले गं."