घटपर्णीची सोयरीक

सुम्पिंग आत्याने जन्मभर कोबी पिकवला, पण जीव लावला तो एका घटपर्णीला. वाफ्यांच्या वर, जिथे तांबड्या मातीत गवतही धड धरत नाही, तिथे ती होती. पानांच्या टोकाला लोंबणाऱ्या एकेका घड्यात दोन तांबे पाणी मावायचं. खारी येऊन झाकणाखालचा गोडवा चाटायच्या आणि घड्यातच हगून जायच्या. "पाहुण्यांच्या घाणीवर जगते, पण कुणापुढे हात पसरत नाही," आत्या कौतुकाने सांगायची.

भूकंपात नाबालू डोंगराचा कडा ढासळला आणि आमच्या उतारावरच्या साऱ्या घटपर्णी गाडल्या गेल्या. ही एकटी वाचली, आणि ही मादी. यांच्यात नर-मादीची झाडं वेगळी असतात. पुढच्या वर्षी तिला तुरा आला. नराचे पराग मिळाले नाहीत तर बी धरणार नव्हतं, आणि उतारावरचा वंश तिच्याबरोबर संपणार होता.

दरीपलीकडे गिम्बांगकाकांच्या रानात नर फुलला होता. मी म्हटलं, "आत्या, जा की, एक तुरा मागून आण."

"मुलीकडच्यांनी मागायला जायचं? डोकं फिरलंय का तुझं? आपल्यात मुलाकडचे येतात."

"अगं, झाड आहे ते!"

"मुलगी आहे माझी."

चार दिवस गेले. तुऱ्यातली खालची फुलं काळी पडू लागली. आत्याचं जेवण सुटलं, पण हट्ट सुटेना. शेवटी तिला न सांगता मीच दरी ओलांडली.

गिम्बांगकाका खजील झाले. "मी कधीचाच येणार होतो गं. पण तुझी आत्या मुलीचं देज म्हणून थेट म्हैस मागेल, ही धास्ती!"

"कोंबड्यावर भागेल," मी परस्पर ठरवून टाकलं.

दुसऱ्या सकाळी काका ठेवणीतला काळा सदरा घालून आले. काखेत कोंबडा, टोपलीत ओल्या शेवाळात गुंडाळलेला तुरा. आत्याने आधी कोंबडा निरखला.

"उशीर केलात."

मग त्याच कोंबड्याचं एक मऊ पीस उपटून तिने उरलेल्या फुलाफुलाला पराग लावले.

"विहीणबाई, कोंबड्याने काय गुन्हा केला?" काका म्हणाले, आणि आत्या कित्येक दिवसांनी हसली.

बी धरलं, रुजलं. तांदळाएवढा पहिला घडा आला तेव्हा तिने अख्खा गाव उतारावर चढवला.

गेल्या साली आत्या गेली. काका दरी चढून आले, काठी टेकत, काखेत कोंबडा. या वयात कशाला आणलात, असं मी विचारलं. या माणसाचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

"मुलाकडचे रिकाम्या हातानं येत नाहीत," ते म्हणाले.